प्रलंबित: शून्य

मंगळवारी बाराला दहा कमी असताना टेबलावरचा फोन वाजला आणि मास्तर दचकले. त्या मजल्यावर बावीस माणसे काम करीत आणि बावीसही टेबलांवर एकेक करडा फोन होता; पण तो वाजण्यासाठी असतो, ही गोष्ट सगळ्यांच्या केव्हाच विस्मरणात गेली होती. कुणी त्यावर हेडफोन टांगून ठेवी, कुणी त्याच्या वायरला पेन अडकवी. मास्तरांचा फोन गेली चार वर्षे एका शब्दकोशाला टेकू देऊन उभा होता. "बघता काय, उचला की," समोरच्या टेबलावरची, प्रोग्राम तपासून पाहणारी चाचणीवाली म्हणाली. "यमाचा नसणार. तो हल्ली ईमेल करतो." मास्तरांनी शब्दकोश आडवा केला आणि रिसीव्हर उचलला.

मास्तर काही शाळामास्तर नव्हते. अकरा वर्षांपूर्वी कंपनीत सर्व्हरवरचा प्रोग्राम सुरू कसा करावा, याविषयी चौघांनी चार बाडे लिहिली होती. तो बंद कसा करावा याविषयी कुणी अवाक्षर लिहिले नव्हते. ते काम मास्तरांनी आपणहून घेतले. त्या भागाला त्यांनी 'निरोप' असे नाव दिले, त्यावरून कुणीतरी त्यांना निरोपमास्तर म्हणू लागले आणि कालांतराने निरोप गळून पडला. काम दिसायला क्षुल्लक होते. निरनिराळ्या परीक्षा मंडळांचे, परवाना कचेऱ्यांचे अर्ज कंपनी आपल्या यंत्रांवर स्वीकारून पुढे पोहोचवीत असे. प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायची, तर जुना चालता प्रोग्राम थांबवावा लागतो. यंत्र त्याला आधी खूण करते, की बाबा रे, आवरते घे. त्या क्षणापासून त्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने नव्यांना दार बंद करायचे, आत आलेल्यांचे काम पुरे करायचे, ज्याचे त्याचे ज्याला त्याला द्यायचे आणि दिवा मालवून निघायचे. तीस सेकंदांनंतर यंत्र विचारीत नाही, मान मुरगाळते. हे तीस सेकंद कसे वापरावेत याचा मास्तरांनी जितका विचार केला होता तितका पुष्कळ माणसे आपल्या उरलेल्या तीस वर्षांचा करीत नाहीत. धंद्याच्या भाषेत याला शालीनपणे बंद होणे म्हणतात. तो शब्द मास्तरांना आवडे. आपल्या हातून निदान एक गोष्ट शालीन घडली, असे ते मनाशी म्हणत, आणि अशा समाधानाकडे ज्या संशयाने पाहायला हवे तेवढा संशय त्यांच्यापाशी नव्हता.

"अर्ज घेणारं यंत्र ज्याने लिहिलं, तो माणूस हवाय मला," फोनवरची बाई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. त्यात तक्रार नव्हती आणि विनंतीही नव्हती. "तुमच्या मदत केंद्राने मला अकरा ठिकाणी फिरवलं. फिरवू देत. मी स्वतः हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते, चोवीस वर्षं झाली. कोण कुणाला कशासाठी ढकलतं ते मला पाठ आहे. शेवटची मुलगी म्हणाली, हे मास्तरांना विचारा, फक्त माझं नाव सांगू नका. तुम्हीच ना मास्तर?"

"म्हणतात तसं. काय झालं?"

"मी डोळ्यांनी बघत नाही," घराचा पत्ता सांगावा तशी ती म्हणाली. "न्यायालयातल्या भाषांतरकाराची परीक्षा देतेय. मी सांगणार, लेखनिक लिहिणार. लेखनिक मिळावा म्हणून सतरा तारखेला अर्ज केला. शेवटचाच दिवस होता, कबूल, पण दिवस होता. कॉम्प्युटरने मला वाचून दाखवलं: तुमचा अर्ज मिळाला, आणि हा पोच क्रमांक. मी तो लगेच ब्रेलमध्ये कार्डावर टोचून ठेवला. वीस तारखेला मंडळाला फोन करून क्रमांक सांगितला, तर म्हणतात, असा अर्जच नाही. लेखनिकांची यादी आज पाचला बंद होते. पहिल्या वेळी जो लेखनिक दिला त्याचं अक्षर त्याचं त्याला लागेना. दुसऱ्या वेळी चार गुणांनी गेले. ती माझी चूक. ही तिसरी वेळ. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. घ्या क्रमांक लिहून. सतरा, पंधरा, बेचाळीस, एकोणीस, शून्य पाच, एक."

मास्तरांनी लिहून घेतले, पण लिहिण्याची गरज नव्हती. क्रमांकाची घडण त्यांचीच होती: तारीख, तास, मिनिट, सेकंद, त्या सेकंदातला कितवा, आणि सरतेशेवटी पडताळ्याचा एक अंक. सतरा तारीख, दुपारचे तीन वाजून बेचाळीस मिनिटे, एकोणीस सेकंद. त्या दुपारी गर्दी वाढल्यामुळे घाईने नवी आवृत्ती चढवली होती. जुना प्रोग्राम तीन बेचाळीस वीसला निघून गेला होता, हे त्यांना तोंडपाठ होते, कारण त्या संध्याकाळी तो किती सुरेख निघून गेला याबद्दल त्यांचे सगळ्यांसमोर कौतुक झाले होते. वीसच्या आधी एकोणीस येते.

"गप्प का झालात?"

"लिहून घेतोय."

"लिहून घेणाऱ्याचा श्वास असा नसतो. बरं. बघता का?"

"बघतो. तासाभरात कळवतो."

"बघतो म्हणजे खरंच बघणार, की बघतो म्हणजे फोन ठेवा बाई आता?"

"बघणार," मास्तर म्हणाले आणि तिचे नाव, वय आणि फोन नंबर लिहून घेतला.

यंत्राची रोजनिशी उघडायला मिनिटही लागले नाही. सतरा तारखेच्या नोंदींत ती ओळ होती, अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः रचलेली: नवे अर्ज बंद; उत्तरे पूर्ण; प्रलंबित: शून्य; शांतपणे बंद. ती लिहिताना त्यांनी 'शांतपणे' या शब्दावर अर्धा दिवस घालवला होता. मग त्यांनी दोन याद्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीत त्या दुपारी दिलेल्या पोच क्रमांकांची रांग, दुसरीत प्रत्यक्ष साठवल्या गेलेल्या अर्जांची. पहिली यादी दुसरीहून चौदांनी मोठी होती. चौदाही शेवटच्या दोन सेकंदांतले. आणि मग, कुणी ओळखीच्या घरात दिवा लावावा आणि कोपऱ्यात इतकी वर्षे बसलेले माणूस दिसावे, तशी त्यांना आपली चूक दिसली. चूक गुंतागुंतीची नव्हती, हाच अपमान होता. अर्ज आला की प्रोग्राम तो आधी हातातल्या एका तात्पुरत्या यादीत टाकी, अर्जदाराला तत्परतेने 'मिळाला' असे कळवी, आणि मग दर दोन सेकंदांनी ती यादी एकदम कायमच्या साठ्यात उतरवी. असे केल्याने उत्तर झटकन जाई. लोकांना ताटकळावे लागत नसे. कंपनीच्या माहितीपत्रात त्या झटकनपणाचा आलेख होता. निरोपाच्या वेळी मास्तरांचा प्रोग्राम प्रामाणिकपणे मोजी, की अजून कुणाला उत्तर द्यायचे राहिले आहे. एकालाही राहिले नाही असे दिसले की तो साठ्याचे दार लावी आणि निघे. ज्यांना उत्तर मिळाले होते पण ज्यांचा अर्ज अजून हातातच होता, त्यांना तो मोजतच नव्हता. उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, असे त्याने, म्हणजे मास्तरांनी, धरले होते. तीस सेकंदांतले चार सेकंद वापरून, उरलेल्या सव्वीसांना हातही न लावता, चौदा माणसे मुठीत घेऊन तो गृहस्थ शांतपणे निघून गेला होता. आधी हे कुणाला दिसले नाही, कारण एरवी नवी आवृत्ती भल्या पहाटे चढे, जेव्हा हातात कुणी नसे. किंवा एखादे असे, आणि एखाद्याचा आवाज किती लांब जातो ते सांगायला नको.

हे उद्धट माणसाच्या हातून झाले नसते. उद्धट माणूस लोकांना तिष्ठत ठेवतो. त्याच्या दाराशी निदान कळते, की काम झालेले नाही. ही चूक करायला माणूस अदबशीर लागतो. समोरचा खोळंबू नये, त्याच्या कपाळावर आठी पडू नये, म्हणून 'झालं' हा शब्द आधी देऊन टाकणारा, आणि ते होणे मागाहून कधीतरी सवडीने करू असे अगदी मनापासून ठरवणारा. मास्तरांची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाली होती, "तुझं 'झालं' ऐकलं की मी पदर खोचते. म्हणजे आता ते मलाच करायचंय." त्यावर पाहुणे हसले होते आणि मास्तरही हसले होते. घरात या गोष्टीचा विनोद झाला होता. विनोद झालेल्या गोष्टीची पुढे चौकशी होत नाही. पण तो विनोद नव्हता, हे एका माणसाला ठाऊक होते. ताई एकोणीस वर्षांची आणि ते पंधरा, तेव्हा ताईने नकाशे काढायला शिकवणाऱ्या एका शाळेचा अर्ज भरला होता. चार दिवस ती भरत होती. रकान्यांतली अक्षरे छापल्यासारखी. सकाळी तिने पाकीट त्यांच्या दप्तरात ठेवले आणि म्हणाली, "शाळेत जाताना टाक. आज शेवटचा दिवस आहे, विसरशील तर बघ." संध्याकाळी ती मागच्या दारात केस विंचरत उभी होती, तोंडात पिन, आणि पिन न काढताच तिने विचारले, "टाकलंस?" ते जिन्यावर पुस्तक वाचत बसले होते. ते म्हणाले, "हो, टाकलं." पाकीट दप्तरात होते. आपण खोटे बोललो असे त्यांना त्या क्षणी वाटले नाही, आणि हीच गोष्ट त्यांना पुढे कुणाला समजावून सांगता आली नाही. त्यांच्या मनात ते पाकीट टाकून झालेले होते. राहिली होती ती फक्त कोपऱ्यापर्यंतची चाल. ते प्रकरण संपले की जाऊ, असे त्यांनी ठरवले. मग दुसरे प्रकरण सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पेटीत टाकले आणि आत पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला.

शाळेकडून उत्तर आले नाही. ताईने दोन महिने वाट पाहिली आणि एका दुपारी उरलेले कागद, पेन्सिली एका खोक्यात भरून माळ्यावर टाकले. "आपली तेवढी लायकी नसेल," ती आईला म्हणाली. दुःखाने नव्हे, चौकशी संपवल्याच्या स्वरात. पुढे बियाण्यांच्या गोदामात ती छत्तीस वर्षे आवक लिहीत बसली. नात्यात कुणाकडे कार्य निघाले की पाहुण्यांसाठी घराचा रस्ता दाखवणारा नकाशा ताईच काढून देई. त्यात वळणावरचे झाडही ओळखू येई. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, "अगं, तू हेच करायला हवं होतंस." प्रत्येक वेळी मास्तरांना पाणी प्यायला उठावे लागे. त्यांनी तिला सांगितले नव्हते. सुरुवातीला भीतीने, मग, सांगून आता काय होणार, या शहाणपणाने. आणि हे शहाणपण वर्षागणिक इतके धष्टपुष्ट होत गेले, की शेवटी त्याला तत्त्वज्ञान म्हणायलाही हरकत नव्हती. एवढी वर्षे एका गोष्टीवर मौन पाळणारा माणूस निरोपाचे काम आपल्याकडे का ओढून घेतो, हे एखाद्या पोरालाही कळले असते. मास्तरांना ते आज, बावन्नाव्या वर्षी, दोन याद्यांच्या मधल्या फटीत कळत होते, आणि कळल्याने याद्यांत काही फरक पडत नव्हता.

प्रमुख बाई काचेच्या खोलीत उभ्याने काम करीत. एके काळी त्या मास्तरांच्या हाताखाली शिकल्या होत्या, म्हणून अजून त्यांना 'तुम्ही' म्हणत आणि त्यांचे ऐकत नसत. मास्तरांनी चौदांची यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि चूक सांगितली. त्यांना ती अर्ध्या वाक्यात समजली. हुशारीत त्या कधीच कमी नव्हत्या.

"दुरुस्ती किती ओळींची?"

"दोन. निघण्यापूर्वी हातातली यादी साठ्यात उतरवायची, आणि ती उतरल्याखेरीज शून्य म्हणायचं नाही."

"मग करा आणि संध्याकाळपर्यंत चढवा. अहवाल मी लिहिते."

अहवालाची त्या धंद्यात एक रीत होती. काही बिघडले की सगळे एकत्र बसत आणि एक कागद तयार करीत, ज्यात कुणाचेही नाव नसे. नाव आले की माणसे चूक लपवतात, म्हणून नावच नको, असा त्यामागचा मूळचा विचार, आणि तो मुळात वाईट नव्हता. पण चांगल्या रिवाजांची एक खोड असते, की त्यांचा फायदा घ्यायला चांगली माणसे लागत नाहीत. नाव वगळता वगळता त्या कागदांतून आधी चूक करणारा गेला होता, मग चूक सोसणारा गेला, आणि आता उरले होते ते हवामानाच्या वृत्तासारखे काहीतरी: अमुक वेळी अमुक प्रमाणात अनियमितता आढळली, दुपारनंतर आकाश निरभ्र.

"अहवाल नंतर," मास्तर म्हणाले. "मंडळाला आत्ता पत्र हवं. या बाईंचा अर्ज सतरा तारखेला आपल्याकडे आला आणि आपल्या हातून गेला, एवढंच. पाचच्या आत."

"आणि उरलेले तेरा?"

"त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. रोजनिशीत नुसते क्रमांक ठेवतो, लोकांची खासगी माहिती सांभाळायची म्हणून. पण क्रमांक मंडळाला देता येतील. कुणी विचारत आलं तर त्याला परत पाठवणार नाहीत."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या बसल्या म्हणजे ऐकायचे काम आपले, हे मास्तरांना ठाऊक होते. "मास्तर, करारात एक वाक्य आहे. एकही अर्ज गहाळ होणार नाही. तुम्ही चौदा म्हणालात की करार गेला. करार गेला की हा मजला गेला. त्या तेरांची नावं तुम्हाला माहीत नाहीत. या बावीसांची आहेत. चाचणीवालीच्या घरी तिच्या एकटीवर चार माणसं आहेत, हेही माहीत आहे. आता सांगा, पत्र देऊ?"

मास्तर काचेबाहेर बघत राहिले. चाचणीवाली बोटांनी हवेत काहीतरी मोजत होती. "तुम्ही म्हणता ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मी तिला 'मिळाला' म्हटलंय."

"तुम्ही नाही. प्रणालीने."

"तो शब्द मी लिहिलाय, बाई. मला तो लिहितानाची दुपार आठवते."

"कंपनीचा कागद मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि जाणार असाल तर ओळखपत्र इथे ठेवून जा. तुम्ही तिथे कंपनीतर्फे गेलेलं मला चालणार नाही."

"परत आल्यावर मिळेल?"

"परत यायचा विचार आहे का?" हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, एक तारीख निश्चित करायची असावी, तसे विचारले. मास्तरांनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. ती कानाला अडकली आणि ती सोडवताना दोघांनाही तिसरीकडे बघावे लागले. टेबलाशी येऊन त्यांनी दोन ओळींची दुरुस्ती लिहिली, चाचणीवालीकडे सोपवली आणि म्हणाले, "ही आजच चढव. आणि चढवताना शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवू नकोस. साठा उघडून मोज." "आणि तुम्ही?" "मी एक अर्ज द्यायला चाललोय." ती म्हणाली, "अहो, मग आपल्याच यंत्रावर भरा ना, झटकन होतो," आणि स्वतःच हसली.

परीक्षा मंडळाची कचेरी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. मास्तर पोहोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती आणि बाकांवर अकरा माणसे होती. साध्या कागदावर लिहिलेले पत्र, खाली सही, चौदा क्रमांकांची यादी. एवढा ऐवज मांडीवर घेऊन ते बाराव्या जागी बसले. पावणेपाचला पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. त्याने एक फळी लावून घेतली आणि उरलेल्या फटीत आपले अंग ठेवले. बाहेरून एकजण आला, त्याला म्हणाला, "उद्या." दुसरा आला, "उद्या, साहेब, आतले आहेत तेवढे होतील." आतल्या एका म्हातारीने घाबरून विचारले, "आमचं होईल ना रे?" तो मान न वळवता म्हणाला, "आत आलात ना आजी? मग तुमचं झाल्याशिवाय कुलूप लागत नाही." मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. या माणसाला ते कुणी शिकवले नव्हते. किंवा इतक्या लहानपणी शिकवले असेल, की आता ते शिकलेले वाटत नव्हते.

खिडकीमागे एक प्रौढ कारकून बाई होत्या, चष्मा दोरीला. पाच वाजून सात मिनिटांनी मास्तरांची पाळी आली. पत्र बाईंनी दोनदा वाचले.

"तुम्ही अर्जदाराचे कोण?"

"कुणी नाही."

"कंपनीचे?"

"दुपारपर्यंत होतो."

"ओळखपत्र?"

"नाही."

"वा," कारकून बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही कुणाचे कुणी नाही आणि कुठचे कुठले नाही. मी यावर काय करावं अशी अपेक्षा आहे?"

मास्तरांनी खिशातून पेन काढले. "तुमच्या तक्रारवहीत वीस तारखेला या बाईंचा फोन नोंदलेला असेल. त्यात त्यांनी सांगितलेला क्रमांक असेल. तो तेवढा बघा." वही निघाली, क्रमांक होता, निळ्या शाईत. "आता त्यातला शेवटचा अंक झाका. उरलेल्या अंकांना डावीकडून एकाने, तिनाने, एकाने, तिनाने असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. बेरजेतला एकं स्थानचा अंक, तोच शेवटी आला पाहिजे." बाईंनी त्यांच्याकडे, वेड्याकडे बघावे तसे पाहिले, पण पेन्सिल उचलली. गणित आले की नाकारता न येण्याचा काही माणसांचा स्वभाव असतो. एक, एकवीस, एक, पंधरा, चार, सहा, एक, सत्तावीस, शून्य, पंधरा. एक्याण्णव. त्यांनी बोट काढले. खाली एक होता. काही न बोलता त्यांनी स्वतःच्या नोंदींतला दुसरा एक क्रमांक घेतला, जुळला. मग मनाने एक रचला; जुळला नाही. "हा नियम त्या बाईंना माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मी त्यांच्याशी आज पहिल्यांदा बोललो, तुम्ही वीस तारखेला. हा क्रमांक यंत्रानेच दिलाय, सतरा तारखेला, वेळेत. अर्ज त्यांनी केला होता. पोच मी दिली आणि अर्ज मी हरवला. पत्रात तसंच लिहिलंय, खाली माझं नाव आहे. पुढेमागे कुणी विचारलं तर मला बोलवा."

कारकून बाईंनी पत्रावर शिक्का मारला, कोपऱ्यात सही केली आणि एक चिठ्ठी फाडून खिडकीतून सरकवली. "ही घ्या पोच. उद्या सकाळी पहिली नोंद हीच करते. यंत्र बंद करायला लागलेय आता."

चिठ्ठी फटीत तशीच राहिली. "पोच नको मला," मास्तर म्हणाले. "नोंद करा. मी थांबतो."

"अहो, उद्या म्हणतेय ना? माझा शब्द आहे."

"तुमच्या शब्दाबद्दल शंका नाही. शब्द देणाऱ्या माणसाबद्दल मला थोडी माहिती आहे, म्हणून थांबतो."

बाईंनी पहारेकऱ्याकडे पाहिले. पहारेकऱ्याने खांदे उडवले आणि किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला. त्या पुन्हा बसल्या. दोन बोटांनी, प्रत्येक अक्षराला जाब विचारीत टंकू लागल्या. नाव. वय. परीक्षा. लेखनिक हवा: होय. मास्तर बाईंच्या मागच्या कपाटाच्या काचेत पडद्याचे उलटे प्रतिबिंब वाचत होते. "तारीख आजची पडलीय," ते म्हणाले. "ती यंत्र आपोआप घेतं." "आजची राहिली तर मुदतीबाहेर जाईल. बदलता येते, उजवीकडे छोटा चौकोन आहे." "तुम्हाला काय माहीत?" "तो मीच ठेवायला लावला होता." बाईंनी चौकोन शोधला. सतरा. कारण विचारणारी चौकट आली. तिच्यात त्यांनी क्षणभर थांबून मास्तरांचे नाव घातले आणि पुढे लिहिले: यांच्या लेखी कबुलीवरून. मग यादी उघडली, खाली सरकवली. सत्तेचाळिसावी ओळ. "वाचा, कुणाचे कुणी नसलेले गृहस्थ," त्या म्हणाल्या आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "उरलेल्या तेरांचं मात्र माझ्या हातात नाही. नावाशिवाय नोंद होत नाही. यादी माझ्या काचेखाली ठेवते. कुणी आलं तर बघू." मास्तरांनी ओळ वाचली. एकदा अक्षरे, एकदा आकडे. काचेखाली सरकलेल्या तेरा क्रमांकांकडेही पाहिले. कुणी येणार नाही, हे त्यांना कळत होते. बहुतेक माणसे ताईसारखी असतात, खोके भरतात आणि माळ्यावर टाकतात.

बाहेर उजेड होता. पहारेकऱ्याने मागे कुलूप घातले, ओढून पाहिले, पुन्हा एकदा ओढून पाहिले. मास्तरांनी पायरीवर उभे राहून फोन लावला. तो पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोला," अर्जदार बाई म्हणाली. "तासाभरात म्हणाला होतात. साडेपाच वाजलेत."

"नोंद झाली. सतरा तारखेने. लेखनिक मिळेल."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. मी यादी उघडून पाहिली. सत्तेचाळिसावं नाव."

"स्वतः पाहिलंत?"

"स्वतः."

पलीकडे ब्रेलचे जाड पान उलटल्याचा खरबरीत आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं. मग ठेवते. अजून दोन प्रकरणं वाचायची राहिलीत माझी."